वसंत : हिवाळ्यानंतरचा की पावसाआधीचा?

मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना दरवर्षी एक ठरावीक वसंत ऋतू आमच्या भेटीला येतो. त्यात गोठलेली धरणी जागी होते, ओकीबोकी झाडे एका रात्रीत पालवतात, कोकिळा गाऊ लागते आणि चराचरात नवचैतन्य संचारते. लिहिणारा विद्यार्थी बहुधा महाड-पोलादपूर परिसरातला असतो. गोठलेली धरणी त्याने कधी पाहिलेली नसते. गाणारा पक्षी नर, म्हणजे कोकिळ असतो, हे त्याच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असले तरी त्याच्या निबंधाला ठाऊक नसते. आम्ही गुण देतो. कारण त्याने जे लिहिले ते आमच्यासारख्या अध्यापकांनीच त्याला शिकवलेले असते.

हा वसंत आला कोठून, याचा विचार आम्ही बरीच वर्षे टाळला. उत्तर तसे अवघड नाही. त्याचा अर्धा भाग इंग्रजी शिक्षणासोबत आलेला, युरोपातल्या थंड प्रदेशातला आहे, आणि अर्धा संस्कृत काव्यपरंपरेतून आलेला. दोन्ही भाग आपापल्या जागी खरे आहेत. त्यांची सरमिसळ करून जे मिश्रण आपण मुलांच्या हाती देतो, ते मात्र सह्याद्रीच्या पायथ्याशी कोठेच आढळत नाही.

आधी युरोपाकडे पाहू. फ्रान्सच्या एखाद्या खेड्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये कुंपणाशी पहिले फूल दिसते तेव्हा तेथला माणूस हरखून जातो, याला भौगोलिक कारण आहे. पॅरिसच्या अक्षांशावर डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सव्वाआठ तासांचा असतो आणि जूनमधला सर्वांत मोठा दिवस सोळा तासांहून थोडा अधिक. म्हणजे तेथे वसंतात परत येतो तो प्रथम प्रकाश. मग ऊब आणि मग फूल. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९३ मध्ये जे नवे कॅलेंडर स्वीकारले, त्यात वसंतातल्या तीन महिन्यांची नावेच मुळी अंकुर, फुले आणि कुरणे यांवरून ठेवली होती : जेर्मिनाल, फ्लोरेआल, प्रेरिआल. हे कॅलेंडर १८०६ च्या आरंभी रद्द झाले. पण जेर्मिनाल हे नाव झोलाने १८८५ मध्ये खाणकामगारांवरच्या आपल्या कादंबरीला दिले आणि अंकुरण्याला सामाजिक अर्थ मिळवून दिला. सगळ्या मानवजातीसाठी म्हणून आखलेल्या त्या कॅलेंडरातले ऋतू मात्र फ्रान्सचेच राहिले. विषुववृत्ताजवळच्या फ्रेंच वसाहतीत जेर्मिनाल या शब्दाला काय अर्थ उरत असेल, याची कल्पना कोकणातल्या माणसाला सहज करता येईल. आमच्याकडे सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो. हिवाळ्यात येथे प्रकाश हरवत नाही. त्यामुळे तो परत येण्याचा उत्सवही होत नाही.

संस्कृत परंपरेची गोष्ट थोडी वेगळी आहे. वैदिक वाङ्मयात वसंताच्या दोन महिन्यांना मधु आणि माधव अशी नावे आहेत, तर शिशिराच्या महिन्यांना तप आणि तपस्य. पुढे चैत्र-वैशाख म्हणजे वसंत हे समीकरण रूढ झाले आणि आजही पाठ्यपुस्तकांत तेच आहे. पण आपले प्रचलित पंचांग निरयन आहे. संपातबिंदूच्या चलनामुळे गेल्या सुमारे सतरा शतकांत महिने आणि ऋतू यांच्यात साधारण २४ दिवसांचा फरक पडला आहे. म्हणजे पंचांगातला वसंत खऱ्या ऋतूच्या मागून, उशिराने चालतो. वैशाख येतो तेव्हा महाडला पारा चाळिशीकडे झुकलेला असतो आणि विहिरीचा तळ दिसू लागलेला असतो. त्या उन्हात उभे राहून त्याला मधुमास म्हणणे हा केवळ शब्दव्यवहार होतो. गंमत अशी की परंपरेने स्वतःच एक पळवाट ठेवलेली आहे. वसंतपंचमी येते ती माघात, म्हणजे पंचांगाच्या हिशेबाने ऐन शिशिरात. पहिली चाहूल केव्हा लागते हे ज्यांनी तो सण ठेवला त्यांना नीट माहीत असावे, असे आम्हांला वाटते.

ही चाहूल पुस्तकाबाहेर शोधावी म्हणून माघातल्या एका सकाळी काही विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही नात्याला गेलो. महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. पहाटेचा गारवा होता, पण नऊच्या सुमारास स्वेटर खांद्यावर आले. भात केव्हाच कापून झालेले. खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल उभा होता आणि त्याच्या शेंगा वाळू लागल्या होत्या. पोपटी लावण्याचे दिवस सरत आल्याची ती खूण. आंब्याला मोहोर होता आणि सकाळचे मळभ पाहून एक शेतकरी त्याच्याकडे काळजीने पाहत होता. ढगाळ हवेत तुडतुडे वाढतात आणि मोहोर काळा पडतो. पुढे रस्त्याच्या वळणावर काटेसावर दिसली. अंगावर पान नाही, आणि प्रत्येक फांदीवर जाड पाकळ्यांची लाल फुले. मैना, बुलबुल, कोतवाल यांची तिथे झुंबड उडाली होती. डोंगराच्या उतारावर धायटी तांबडी झाली होती. पळसाच्या कळ्या अजून काळपट मखमलीत मिटलेल्या होत्या. त्याच झाडांखाली पाचोळ्याचा थर होता आणि चालताना त्याचा आवाज होत होता.

तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, ही पानगळ आहे की वसंत?’’

वर्गात या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ तयार असे. शिशिरात पानगळ, नंतर वसंतात पालवी. आधी मरण, मग जन्म. दोहोंमध्ये एक रिकामी, थंड जागा. तेथे मात्र दोन्ही गोष्टी एकाच झाडावर, एकाच आठवड्यात चालू होत्या. कुसुंबाचेच पाहा. पंधरवड्यापूर्वी निष्पर्ण झालेले हे झाड फाल्गुनात इतकी तांबडीलाल पालवी धारण करते की अनोळखी माणसाला ती फुलेच वाटावीत. पिंपळाची नवी पाने गुलाबी-तांबूस असतात. हिरवा रंग येथे सर्वांत शेवटी येतो. ‘वसंतात सृष्टी हिरवी शालू नेसते’ हे वाक्य निदान आमच्या भागापुरते साफ चुकीचे आहे. येथली सृष्टी हिरवी होते ती मृगाच्या पावसानंतर.

या चुकीमागे समजुतीचा एक मोठा घोटाळा आहे. युरोपातले झाड थंडीमुळे पाने गाळते. आमच्याकडचे झाड पाणी वाचवण्यासाठी गाळते. या डोंगरांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडाला साठ्यावर काढायचे असतात. अशा कोरड्या दिवसांत फुलण्याचे प्रयोजन काय? एक तर पाने नसल्यामुळे फुले दुरून दिसतात आणि पक्ष्यांना, कीटकांना त्यांच्यापर्यंत सहज पोहोचता येते. दुसरे कारण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. माघ-फाल्गुनात फूल आले तर चैत्र-वैशाखात शेंग किंवा फळ धरते, आणि बी पक्व होऊन जमिनीवर पडते तेव्हा पाऊस तोंडावर आलेला असतो. सावरीची बोंडे उन्हाळ्यात फुटून कापूस उडतो, पळसाच्या चपट्या शेंगा जेष्ठाच्या सुमारास गळतात, कुसुंबाची फळे पावसाच्या आगेमागे पिकतात. तेव्हा आमचा वसंत हा गेलेल्या हिवाळ्यावरचा विजय नव्हे. तो यायच्या पावसाची तयारी आहे. त्याचे तोंड मागे वळलेले नाही. ते आषाढाकडे आहे.

हे एकदा ध्यानात आले की माणसांचे व्यवहारही निराळे दिसू लागतात. याच दिवसांत कोकणातला शेतकरी ऐन-किंजळीच्या फांद्यांची कवळ तोडतो, ती वाळवतो आणि पुढे भाताच्या रोपांसाठी राब भाजतो. आमच्या एका विद्यार्थ्याने वसंतावर चारच ओळी लिहिल्या होत्या. त्यांचा आशय असा होता की हे त्याच्या आईचे पावसाळ्यासाठी लाकडे भरायचे दिवस, आणि डोक्यावरची मोळी उतरवून ती ज्या झाडाखाली बसते ते झाड पांगाऱ्याचे. निबंधाच्या शब्दमर्यादेत तो बसत नव्हता. पण त्या वर्षी वसंत कळलेला विद्यार्थी आमच्या मते तोच होता.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. दलित आणि ग्रामीण साहित्याने मराठी निसर्गवर्णनाकडे जे संशयाने पाहिले, ते विनाकारण नव्हते. ज्याला विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते त्याने सरोवराच्या काठची शोभा काय म्हणून वर्णावी? महाडमध्ये राहून तर हा प्रश्न विसरताच येत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले. तो दिवस वसंतसंपाताच्या अगदी उंबरठ्यावरचा आहे. दरवर्षी या दिवशी तळ्याकाठी जमणाऱ्या जनसमुदायाच्या पंचांगात मार्च महिन्याचा अर्थ फुलांवरून ठरत नाही. आणि याच महिन्यांत रायगड जिल्ह्यातली अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर गेलेली असतात. ती दिवाळीनंतर बाहेर पडतात, पावसाच्या तोंडावर परततात; मुलांची शाळा मागे राहते. रानातले कोणते फूल केव्हा उमलते, कोणता कंद कोठे मिळतो, याची ज्यांना सर्वांत नेमकी जाण, तीच माणसे रानाच्या बहराच्या दिवसांत रानात नसतात. आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन सावर पाहायला गेलो तेव्हा शेजारच्या वाडीतल्या काही घरांना कुलपे होती. ती कुलपे वगळून सावरीचे वर्णन करणे आम्हांला आता जमणार नाही.

म्हणून आनंद घ्यायचाच नाही काय? काही समीक्षक-मित्र असे सुचवतात, आणि तेथे आमचा त्यांच्याशी मतभेद आहे. रानाचा आनंद ही शहरी सुखवस्तूंची मिरास नाही. माघात महाडला वीरेश्वराचा छबिना भरतो, फाल्गुनात शिमगा येतो, पालख्या नाचतात. कष्टाच्या दोन हंगामांच्या मधल्या फटीत हा समाज शतकानुशतके आनंद घेत आला आहे. उसना आनंद वाईट, कारण त्यात समोरचे झाडही दिसत नाही आणि झाडाखालचे माणूसही. नीट पाहून घेतलेला आनंद माणसाला आंधळे करीत नाही. त्या विद्यार्थ्याच्या चार ओळींत पांगाराही होता आणि मोळीही होती. एकाने दुसऱ्याला खोटे पाडले नाही. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले; ते आजही ताजे वाटते याचे कारण आम्हांला हेच दिसते, की त्यात संस्कृत साहित्य, लोकजीवन आणि स्वतः उभे राहून पाहिलेले झाड ही तिन्ही एकत्र नांदतात.

नात्याला जाण्यामागे आमचे आणखी एक निमित्त होते. चिंतामणराव देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी याच गावी झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. मात्र ते केंब्रिजला गेले ते निसर्गविज्ञान शिकायला, आणि तेथे वनस्पतिशास्त्रातले फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांनी मिळवले. शिवाय ‘मेघदूता’चा मराठी अनुवादही त्यांनी केला. वनस्पतिशास्त्र आणि कालिदास ही दोन्ही एका माणसात सुखाने राहू शकतात, ही गोष्ट आमच्या विद्यापीठीय विषयविभागणीने जवळजवळ अशक्य करून टाकली आहे. मराठीच्या वर्गात पळसाची उपमा शिकवली जाते, शास्त्राच्या वर्गात पळसाचे कुळ. आणि पळस दोन्ही वर्गांच्या खिडकीबाहेर फुलून गळून जातो.

पावसाच्या तयारीचा हा वसंत निर्धास्त नाही, हेही सांगितले पाहिजे. २२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत महाड शहर पुराच्या पाण्याखाली होते. तेव्हापासून येथे मेघाकडे केवळ दूत म्हणून पाहणे कठीण झाले आहे. उन्हाळ्यात डोंगरावर वणव्याची रेघ दिसली की आमचे विद्यार्थी आता पावसाबद्दल बोलू लागतात. बहर, वणवा आणि पाऊस हे एकाच वाक्याचे भाग आहेत, हे त्यांना आमच्या आधी कळले.

यंदापासून आम्ही एक लहानसा बदल करीत आहोत. वसंतावरचा निबंध परीक्षेत न घालता माघात घरी लिहायला द्यायचा. एक झाड निवडायचे, त्याचे घरी जे नाव असेल तेच लिहायचे, पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत त्यात काय काय घडले ते टिपायचे, आणि त्या महिन्यात त्या झाडाखालून कोण गेले तेही. भाषा साधी असली तरी चालेल. गुणदानाची पद्धत अजून ठरलेली नाही. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नालाही आम्ही उत्तर दिलेले नाही. तिच्या वहीत ते येईल अशी आशा आहे.