विश्लेषण : पांढरी बट आणि तुंबलेले आतडे... मुंबईतील डॉक्टरांना दिसलेला दुवा काय सांगतो?

दादर स्थानकातून बाहेर पडणाऱ्या गर्दीत रोज काही कुटुंबे कडेवर मूल आणि हातात तपासण्यांची फाइल घेऊन परळची वाट धरतात. टाटा मेमोरियल, केईएम आणि बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय ही तिन्ही रुग्णालये तेथे जवळजवळ आहेत. कुणाच्या बाळाचा ओठ दुभंगलेला असतो, कुणाचे पोट फुगलेले असते, तर कुणाच्या पोटात गाठ सापडलेली असते. प्रत्येकाचा विभाग वेगळा, डॉक्टर वेगळे. पण यातील बऱ्याच आजारांचे कूळ एकच असते : ‘न्यूरल क्रेस्ट’ पेशी. या पेशींचा प्रवास समजून घेतला, की उपचाराला उशीर नेमका कुठे होतो हेही कळते.

न्यूरल क्रेस्ट पेशी म्हणजे काय?

गर्भधारणेनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीकडील भागात एक पट्टी दुमडून नळी तयार होते. याच नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. नळी मिटत असताना तिच्या काठावरील काही पेशी सुट्या होतात आणि शरीरभर प्रवासाला निघतात. याच न्यूरल क्रेस्ट पेशी. काही पेशी चेहऱ्याकडे जाऊन जबडा, गाल आणि टाळूची हाडे व कूर्चा घडवतात. काही त्वचेत आणि केसांच्या मुळाशी पोहोचून रंग देणाऱ्या पेशी होतात. काही आतड्याच्या भिंतीत शिरून तेथील मज्जापेशी होतात, तर काही मूत्रपिंडावरील अॅड्रिनल ग्रंथीच्या गाभ्यात स्थिरावतात. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी महाधमनी आणि फुप्फुसधमनी अशी दुभागण्यातही त्यांचा वाटा असतो.

हे कसे उलगडले?

स्विस शास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांना १८६८ मध्ये कोंबडीच्या गर्भात या पेशींची पट्टी प्रथम दिसली. पण तेथून निघालेल्या पेशी कुठे जातात, हे कळायला शंभर वर्षे लागली. फ्रान्सच्या निकोल ल दुआरॅं यांच्या लक्षात आले, की लाव्याच्या पेशींचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली कोंबडीच्या केंद्रकापेक्षा वेगळे दिसते. त्यांनी लाव्याच्या गर्भातील पेशी कोंबडीच्या गर्भात रोवल्या आणि १९६९ पासूनच्या प्रयोगांत त्या कुठे पोहोचतात याचा माग काढला. या पेशींची कुळकथा अशी पहिल्यांदा स्पष्ट झाली.

मुंबईचा संबंध काय?

डच नेत्रतज्ज्ञ वार्डेनबर्ग यांनी १९५१ मध्ये एका आनुवंशिक आजाराचे सविस्तर वर्णन केले होते. या आजारात कपाळावर पांढरी बट, बुबुळांचा वेगळा रंग आणि बहिरेपणा दिसतो. पुढे १९८१ मध्ये मुंबईतील बालरोगतज्ज्ञ डॉ. के. एन. शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ पेडियाट्रिक्स’मध्ये १२ नवजात बाळांची नोंद प्रसिद्ध केली. या बाळांच्या कपाळावर पांढरी बट होती आणि आतड्याचा लांबलचक भाग मज्जापेशींविना होता. केस आणि आतडे यांचा वरवर काहीच संबंध नाही. पण रंगपेशी आणि आतड्यातील मज्जापेशी दोन्ही न्यूरल क्रेस्टमधूनच येतात. आज वैद्यकशास्त्रात हा आजार ‘वार्डेनबर्ग-शाह सिंड्रोम’ या नावाने ओळखला जातो. या पेशींच्या जडणघडणीत महत्त्वाचे असलेले ‘सॉक्स-१०’सारखे जनुक बिघडले, की तो होतो, हे नंतर स्पष्ट झाले. आजार दुर्मीळ आहे, पण पांढरी बट असलेले बाळ शी करत नसेल तर आतडे तपासावे, हा त्यातून मिळालेला धडा आजही उपयोगी आहे.

पेशी आतड्याच्या टोकापर्यंत पोहोचल्याच नाहीत तर?

बट नसतानाही हा दोष आढळतो, आणि त्याचे प्रमाण बरेच अधिक आहे. त्याला ‘हर्शस्प्रंग’ आजार म्हणतात. साधारण पाच हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त. क्रेस्ट पेशी आतड्यात वरून खाली सरकत जातात. त्या मध्येच थांबल्या, तर खालच्या भागाला मज्जापेशी मिळत नाहीत. तो भाग आखडलेलाच राहतो आणि मल वर साचून पोट फुगते.

निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिली काळसर-हिरवी शी बहुधा २४ तासांत आणि जवळपास नेहमीच ४८ तासांत होते. ती झाली नाही, पोट फुगले किंवा हिरवी उलटी झाली, तर बालशस्त्रक्रिया तज्ज्ञांना दाखवायला हवे. प्रत्यक्षात घरी एरंडेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ वापरला जातो. त्याने शी होतेही, कारण गुदद्वाराला चेतना मिळाली की साचलेला मल तात्पुरता सुटतो. म्हणून घरच्यांना वाटते, की बद्धकोष्ठ होते आणि ते गेले. मूळ दोष मात्र तसाच राहतो आणि आतड्याला जंतुसंसर्ग होऊन बाळाच्या जिवावर बेतू शकते. बायोप्सीने निदान पक्के होते. मज्जापेशी नसलेला भाग काढून निरोगी आतडे खाली जोडले, की बहुतेक मुले चांगली वाढतात.

दुभंगलेला ओठ ग्रहणामुळे होतो का?

नाही. चेहऱ्याचे उंचवटे क्रेस्ट पेशींनी भरतात आणि मधोमध जुळतात. वरचा ओठ गर्भधारणेनंतर सातव्या आठवड्याच्या सुमारास आणि टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत जुळून येते. ही जुळणी अपुरी राहिली, की ओठ किंवा टाळू दुभंगलेली राहते. जगभरात सुमारे सातशे जन्मांमागे एका बाळात हा दोष दिसतो. पाचव्या-सहाव्या महिन्यात ग्रहण आले, तेव्हा आईने विळी किंवा कात्री हातात धरली म्हणून ओठ फाटला, असे आजही सांगितले जाते. पण तोवर ओठ घडून कित्येक आठवडे उलटलेले असतात. विळीचा ठपका आईवर ठेवण्यात काहीच अर्थ नाही. तो ठेवला की घरचे मूल लपवतात आणि शस्त्रक्रिया लांबते. ओठाची शस्त्रक्रिया साधारणपणे तीन ते सहा महिन्यांत आणि टाळूची मूल बोलू लागण्यापूर्वी व्हावी लागते.

या पेशींपासून कर्करोगही होतो का?

होतो. काही पेशी योग्य ठिकाणी पोहोचतात, पण प्रौढ होत नाहीत, आणि विभागतच राहतात. त्यातून होणाऱ्या ‘न्यूरोब्लास्टोमा’चे बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालील असतात. पोटात गाठ, विनाकारण ताप, फिकटपणा, हाडे दुखून लंगडणे, मार न लागता डोळ्यांभोवती काळे-निळे डाग ही त्याची लक्षणे. आंघोळ घालताना पोटात टणक गोळा हाताला लागला, तर तो ‘जंत असतील’ म्हणून सोडून देता कामा नये.

या कर्करोगाचे एक वैशिष्ट्य असे, की तान्ह्या बाळांमधील काही गाठी आपोआप विरतात. जपानने ऐंशीच्या दशकात सहा महिन्यांच्या सर्व बाळांची लघवी तपासण्याची मोहीम सुरू केली. त्यात आपोआप विरल्या असत्या अशाच गाठी अधिक सापडल्या आणि अपेक्षित लाभ न दिसल्याने मोहीम थांबवण्यात आली. त्यामुळे सरसकट चाचणी हा यावरचा उपाय नाही. लक्षण दिसताच हालचाल करणे हाच उपाय आहे. मोठ्या मुलांमध्ये हा कर्करोग हाडांत पसरलेला आढळतो, तेव्हा केमोथेरपी, शस्त्रक्रिया, स्टेम सेल प्रत्यारोपण आणि रेडिएशन असा दीर्घ उपचार लागतो. तोवर कुटुंबाला मुंबईत राहावे लागते. दादर पूर्वेच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी जागा मिळाली, तर तो मोठाच आधार ठरतो.

हे टाळता येते का?

सगळे नाही; बऱ्याचदा कारण जनुकांत असते. पण काही धोके टाळता येतात. मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन, फिट्सवरील व्हॅल्प्रोएट आणि मद्य यांमुळे गर्भाची जडणघडण बिघडू शकते. फिट्सची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. मूल हवे असे ठरवताच डॉक्टरांशी बोलून ती बदलून घ्यावी. फॉलिक अॅसिडमुळे मज्जानलिकेचे दोष निश्चित कमी होतात, पण गोळी गर्भधारणेपूर्वीच सुरू व्हायला हवी. क्रेस्ट पेशी निघतात तेव्हा पाळी चुकून जेमतेम आठवडा-दोन आठवडे झालेले असतात. दवाखान्यात नाव नोंदवले जाईपर्यंत ही वेळ बहुधा टळलेली असते.

मग उशीर कुठे होतो?

परळमध्ये उपचार आहेत. उशीर होतो तो परळला पोहोचण्याआधी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच झाली. त्याच्या सुरुवातीच्या ३० आजारांच्या यादीत दुभंगलेला ओठ, जन्मजात हृदयदोष आणि बहिरेपणा होता, पण हर्शस्प्रंग आणि बालकर्करोग नव्हते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा मार्ग दाखवला आणि पुढे आशा सेविकांच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी पहिली गृहभेट तिसऱ्या दिवशी असते, म्हणजे ४८ तास उलटताच. त्या भेटीत ‘पहिली शी कधी झाली?’ हा प्रश्न ठळकपणे विचारला आणि नोंदवला गेला, पोटावरून एकदा हात फिरवला गेला, तर त्याला यंत्र लागत नाही आणि खर्चही येत नाही. ओठाचा दोष कुणालाही दिसतो. आतड्याचा आणि गाठीचा दोष विचारल्याशिवाय, तपासल्याशिवाय दिसत नाही. शासनाने यादी वाढवताना हा फरक ध्यानात घ्यायला हवा. मुंबईतील डॉक्टरांनी एका पांढऱ्या बटेवरून आतड्यापर्यंतचा दुवा ओळखला होता. गावातल्या पहिल्या गृहभेटीत तेवढेच बारकाईने पाहिले गेले, तर दादरला उतरणाऱ्या काही कुटुंबांचे महिने नव्हे, मूलही वाचेल.