दूर्वाच ठेवा

टेक्ससमधल्या आपल्या मंडळात एका घरी मुलगी येणार आहे आणि दोन नावांवर घोडं अडलं आहे: बकुळ की दूर्वा? बारसं सवडीने करता येतं, पण इथे दवाखान्यातून निघण्याआधीच बहुधा जन्मनोंदीचा कागद भरून घेतात. तेव्हा माझं मत आत्ताच सांगते.

बकुळीची बाजू भक्कम आहे. फूल सुकून तपकिरी झालं तरी त्याचा वास राहतो. असं भाग्य मोगऱ्यालाही नाही. कोकण-गोव्यात वाढलेल्या आजीसाठी बकुळीचा वळेसर म्हणजे तिचं अख्खं बालपण. पण ते बालपण आजीचं आहे. बकुळीला गोठवणारी थंडी सोसत नाही. फेब्रुवारी २०२१च्या कडाक्यात आपल्या परसांतले कढीपत्तेसुद्धा गेले, तिथे बकुळ कुठून टिकणार? या मुलीला आपल्या नावाचं झाड फोटोत दिसेल, नाहीतर सुट्टीत गावी गेल्यावर. झाडाफुलाचं नाव ठेवायचं तर ते झाड मुलीच्या हाताला लागायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

दूर्वा दाराशीच आहे. इथे ज्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात, ती आपली दूर्वाच. तिचं मूळ बर्म्युडा बेटांवरचं नाही, नाव तेवढं तिथलं चिकटलं. जॉर्जियातल्या टिफ्टनला ग्लेन बर्टन यांनी तिच्या आणि आफ्रिकेतल्या एका भाऊबंद गवताच्या संकरातून नव्या जाती काढल्या; त्यांतली १९६० साली आलेली ‘टिफवे’ दक्षिणेतल्या कितीतरी खेळाच्या मैदानांवर आजही आहे. ही मुलगी ज्या गवतावर पहिलं पाऊल टाकेल, ते बहुधा तिच्याच नावाचं असेल. भाद्रपदात एकवीस दूर्वांची जुडी तिला स्वतःच्या अंगणातून खुडता येईल.

घरातल्या आजोबांचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. ते शेतकरी. त्यांच्या लेखी दूर्वा म्हणजे हरळी, आणि हरळी-कुंद्याने त्यांचं रान खाल्लेलं. जमिनीखालच्या एका कांडीचा तुकडा राहिला तरी ती पुन्हा फुटते. नातीला तणाचं नाव कशाला, असं ते विचारतात. आजोबा, तुम्ही तिला खणून खणून थकलात, म्हणून तिची ताकद तुमच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? जिथे पेर मातीला टेकेल तिथे ती मूळ धरते. त्याच २०२१च्या थंडीत पेंढ्यासारखं वाळलेलं अंगण वसंतात हिरवं झालं ते खालच्या कांड्यांच्या बळावर. घरापासून इतक्या लांब जन्मणाऱ्या पोरीसाठी मला हाच गुण हवासा वाटतो. आणि गणपतीने तर या तणाला केव्हाच डोक्यावर घेतलंय.

उच्चाराचं म्हणाल तर दोन्ही नावांची इथे थोडी ओढाताण होणारच. फक्त इंग्रजीत ‘यू’ लिहिलात तर शाळेत ‘डर्वा’ होईल. दोन ‘ओ’ घाला.

बारशाला जुडी मी आणते. आमच्या अंगणात तणनाशक मारलेलं नाही.