लक्ष्मणफळ आणायच्या आधी

घरात कुणाला कॅन्सर निघाला की आठवड्याभरात स्वयंपाकघराचा ओटा भरून जातो. मावशी गव्हांकुराचा रस पाठवते, शेजारचे काका गुळवेलीच्या गोळ्या आणतात, कुणी कोकणातून लक्ष्मणफळं घेऊन येतं. सगळ्यांचं म्हणणं एकच: "प्रतिकारशक्ती वाढवा, रोग पळेल." आणणाऱ्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण या नादात बायोप्सी लांबते, केमोची तारीख चुकते, म्हणून चार शब्द सांगायचे आहेत.

प्रतिकारशक्तीचा आणि कॅन्सरचा संबंध आहेच. तो उलगडणाऱ्यांपैकी एक जेम्स अ‍ॅलिसन. टेक्सासमधल्या अ‍ॅलिस या छोट्या गावात १९४८ साली जन्मलेले. आई लहानपणीच कॅन्सरने गेली. बर्कलेच्या प्रयोगशाळेत ते टी-पेशींवर काम करत होते. शरीरातल्या परक्या आणि बिघडलेल्या पेशी हेरून मारणाऱ्या या पेशी. त्यांच्या अंगावर सीटीएलए-४ नावाचं एक प्रथिन असतं आणि ते ब्रेकचं काम करतं. तो ब्रेक हवाच, नाहीतर हे शिपाई आपल्याच आतड्यांवर, सांध्यांवर उठतील. इतरांनी हा ब्रेक दाबून असले आजार आवरता येतील का ते पाहिलं. अ‍ॅलिसन यांनी उलटं विचारलं: सोडला तर?

१९९४च्या नाताळात त्यांनी गाठी असलेल्या उंदरांवर हे करून पाहिलं. कुठल्या उंदरांना खरं औषध आणि कुठल्यांना नाही, हे मोजणाऱ्या अ‍ॅलिसन यांनाही ठाऊक नव्हतं. आधी सगळ्यांच्याच गाठी वाढत राहिल्या. प्रयोग फसला असं वाटत असतानाच काही उंदरांच्या गाठी थांबल्या, आक्रसल्या आणि नाहीशा झाल्या. त्यातून आलेलं औषध अमेरिकेत २०११ साली मंजूर झालं. असाच दुसरा ब्रेक, पीडी-१, जपानच्या तासुकु होंजो यांनी १९९२ साली शोधला होता. दोघांना २०१८चं नोबेल मिळालं.

यात आपल्या कामाची गोष्ट कोणती? पुष्कळदा शिपाई असतात, पण गाठीने त्यांचा ब्रेक दाबून धरलेला असतो. गाडीचा हँडब्रेक ओढलेला असताना टाकीत कितीही पेट्रोल ओता, ती हलत नाही. काढा, चूर्ण, रस हा ब्रेक सोडवत नाहीत.

तेव्हा एवढं करा. निदान झालं की उपचार एक दिवसही लांबवू नका. घरी जे काही घेत असाल, ते डॉक्टरांना न लाजता सांगा. काही वनस्पती यकृतावर आणि औषधांच्या परिणामावर घाला घालतात. आपल्या गाठीवर इम्युनोथेरपी (म्हणजे ब्रेक सोडणारी ही इंजेक्शनं) चालेल का, हे स्वतःहून विचारा. ती सगळ्यांना लागू पडत नाही, आणि काही कॅन्सरमध्ये बायोप्सीच्या तुकड्यावर त्यासाठी वेगळी तपासणी करावी लागते. इंजेक्शनं चालू असताना, किंवा संपून काही महिने झाल्यावरही, सतत जुलाब, धाप किंवा अंगावर पुरळ आलं तर घरगुती उपाय करत बसू नका. ब्रेक सुटलेले शिपाई आपल्याच अवयवांवर उठल्याची ती खूण असू शकते. लगेच दवाखाना गाठा आणि समोर नवा डॉक्टर असेल तर इम्युनोथेरपी घेतल्याचं आधी सांगा.

खर्चाचं नाव ऐकूनच माघारी फिरू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या, बरा होण्यापलीकडे गेलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर एक अभ्यास केला. तोंडी औषधांच्या जोडीला निवोलुमॅब हे पीडी-१चा ब्रेक सोडणारं औषध फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. नुसत्या तोंडी औषधांवर वर्षभराने शंभरात सोळा जण हयात होते. ही जोड मिळालेल्यांत त्रेचाळीस. २०२२ साली हे प्रसिद्ध झालं. तंबाखूने तोंडं पोखरलेल्या आपल्या मुलखात हा आकडा लहान नाही. कमी मात्रेचा हा मार्ग आपल्या रुग्णाला लागू आहे का, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि भेटायला जाणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी पुड्या नेऊ नका. रुग्णाची फाईल हातात घ्या, पुढची तारीख कधी आहे ते बघा आणि त्या दिवशी त्याच्यासोबत रांगेत उभे राहा.