पापणी पडते, मूल दमते – दोष आईचा नाही

बाळाची पापणी अर्धी मिटलेली राहते. दूध ओढता ओढता ते दमते, रडण्याचा आवाज बारीक येतो. सकाळी जरा बरे, संध्याकाळी मान टाकते. अशा बाळाच्या आईला वस्तीत काय ऐकावे लागते ते आम्ही वॉर्डात असल्यापासून ऐकत आलो आहोत. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, नीट खाल्ले नाही, दृष्ट लागली!

खरे कारण वेगळे असू शकते. मूल पोटात असतानाच मज्जातंतू आणि स्नायू यांची जोडणी होते. मज्जातंतूच्या टोकातून अॅग्रिन नावाचे प्रथिन निघते. त्यामुळे स्नायूवरचे ‘मस्क’ नावाचे एन्झाइम जागे होते आणि मेंदूचा निरोप झेलणारी प्रथिने नेमक्या त्या जागी गोळा करवते. मस्कला आतून चालू ठेवणारे प्रथिन म्हणजे ‘डॉक-७’. १९९६ साली शास्त्रज्ञांनी मस्क नसलेले उंदीर जन्माला घातले. मज्जातंतू होते, स्नायू होते, जोडणी नव्हती. पिल्ले श्वास न घेता आल्याने जन्मताच मेली.

माणसात डॉक-७ चा जनुकीय दोष २००६ साली सापडला. तो आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार होतो, आणि दोघेही धडधाकट असतात. मग एकट्या आईला बोल कशाला? (मामाच्या मुलीशी लग्न लावल्याने असा धोका वाढतो. आमचे मत: टाळा.)

आम्हाला चीड येते ती पुढच्या गोष्टीची. ‘स्नायूंचा आजार, इलाज नाही’ असे एका ओळीत लिहून मूल घरी पाठवतात. डॉक-७ च्या दोषात दम्यावरचे स्वस्त साल्ब्युटामॉल हळूहळू, काही महिन्यांत गुण देते. उलट अशा आजारात नेहमी देतात ते पायरिडोस्टिग्मिन याच प्रकारात त्रास वाढवू शकते. म्हणून प्रकार ओळखणे महत्त्वाचे, आणि औषध मनाने मुळीच देऊ नका. गोळी स्वस्त, जनुक तपासणी महाग. ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळालीच पाहिजे.

अंगणवाडीत बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांना मूल दाखवा. आजार कोणत्या तपासणीवरून ठरवला, हे कागदावर लिहून मागा. मुलाचा सकाळचा आणि संध्याकाळचा व्हिडिओ मोबाइलवर काढून डॉक्टरांना दाखवा. तापात श्वास अडकला किंवा ओठ निळे पडले, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.