तागा पारखून घेतो, गाडी मात्र हार घालून आणतो

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. तागा दारात आला की घडी मोडून पाहिल्याशिवाय पावतीवर सही करायची नाही, हा आमचा नेम. पन्हा मोजायचा, कापड उजेडाकडे धरायचे, कुठे डाग किंवा तुटलेला धागा आहे का ते बघायचे. कारखानदार नात्यातला असला तरी यात मुरव्वत नाही. पण हेच आम्ही नवी मोटारसायकल घ्यायला जातो तेव्हा काय करतो? हार घालतो, पेढे वाटतो, फोटो काढतो आणि पुढे येईल त्या कागदावर सही करून गाडी रस्त्यावर आणतो.

दोन वर्षांपूर्वी ईदच्या आदल्या रात्री आम्ही दुकानासाठी अशीच गाडी घेतली. मगरिबनंतरची वेळ, शोरूममध्ये गर्दी, सगळ्यांनाच घाई. ईद झाल्यावर पहिल्याच फेरीला आमचा पुतण्या मागे दोन गाठोडी बांधून निघाला. गावाबाहेरच्या उतारावर चेन उतरली आणि मागचे चाक जाम झाले. अल्लाहच्या मेहरबानीने जीव वाचला, पण मनगटाचे हाड मोडले. कापड मोजणारा, फाडणारा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. चेन पहिल्यापासूनच सैल होती, असे मिस्त्रीने सांगितले. आम्ही विक्रेत्याकडे गेलो, तर त्याने आमचाच कागद पुढे केला. ‘गाडी तपासून, सुस्थितीत मिळाली’ असे त्यावर छापले होते आणि खाली सही आमची होती. चूक त्याची होती, पण न पाहता सही करणारे आम्हीच होतो.

काही बांधव म्हणतात, कंपनीचा माल आहे, त्यात काय तपासायचे? पण कंपनीतून निघालेली गाडी ट्रकमध्ये बांधून येते. आरसे, बॅटरी बसवणे, हवा भरणे, शेवटची जुळवाजुळव करणे ही कामे विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये होतात. सणाच्या गर्दीत एकेका कारागिराच्या हाताखालून अनेक गाड्या जातात. आपण कारागीर माणसे आहोत. घाईत काम कसे होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

काहींना वाटते की तपासणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास, किंवा तवक्कुलमध्ये कमी. हा गैरसमज आहे. उंट आधी बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, हीच हुजूर (स.) यांची शिकवण आहे. मदिनेच्या बाजारात त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. तेव्हा ते धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. आपल्या फिकहमध्ये ऐब निघाल्यास माल परत करण्याचा खरेदीदाराचा हक्क मानला आहे. मात्र ऐब कळल्यावरही माल वापरत राहिला, तर तो राजी झाला असे धरतात. म्हणून दोष दिसताच बोलावे.

आता मुद्द्याचे. गाडी दिवसाउजेडी घ्यावी. चासी आणि इंजिनचे नंबर कागदांशी स्वतः जुळवावेत. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन सालाचे. 1225 असेल तर टायर 2025 सालच्या बाराव्या आठवड्यातला. दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणत नाही ना ते बघावे. चाकांचे नट घट्ट आहेत का, हे मिस्त्रीकडून आपल्यासमोर पाहून घ्यावे. चेन मधोमध बोटाने वरखाली करावी. बहुतेक साध्या गाड्यांत ती दोन ते तीन सेंटिमीटर हलते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. झाकलेल्या चेनकव्हरला पाहण्यासाठी रबरी बूच असते. हवा किती हवी तेही पुस्तिकेत असते आणि मागे ओझे असेल तर आकडा वेगळा असतो. दिवे, इंडिकेटर, हॉर्न आणि ऑइल पाहावे. मगच सही करावी. काही राहिले असेल तर ते त्याच कागदावर लिहून घ्यावे.

नव्या टायरची वरची कातडी गुळगुळीत असते आणि नवे ब्रेकही लगेच पूर्ण पकड घेत नाहीत. म्हणून पहिले काही दिवस वेग कमी ठेवावा आणि गाठोडी लादू नयेत. पहिली सर्व्हिस चुकवू नये, कारण नवी चेन थोडी सैल होतेच.

एक गोष्ट कापडवाले म्हणून सांगतो. मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी जाळी असावी, म्हणजे मागे बसणाऱ्याचे कपडे अडकणार नाहीत, असा 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच नियम आहे. आपली पोरे शोभा जाते म्हणून ती काढून टाकतात. मागे बसणाऱ्या आपल्या माय-बहिणींच्या अंगावर बुरखा असतो, ओढणी असते. चाकात कापड गेले तर काय होते, हे आम्ही सांगायला नको. जाळी काढू देऊ नका.

विम्याचेही पाहा. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा घ्यावा लागतो, पण तो दुसऱ्याच्या नुकसानीचा. आपल्या गाडीच्या नुकसानीची मुदत वेगळी असते आणि बहुधा एकाच वर्षाची. पॉलिसीवरच्या दोन्ही तारखा वाचा.

एवढ्या सगळ्याला एक तास लागतो. जे बांधव स्वतः गाड्या विकतात किंवा जुळवतात, त्यांनी तर गिऱ्हाइकाला बोलावून सगळे उघडून दाखवावे. बरकत त्यातच आहे. पुतण्याचा हात आता बरा आहे, पण जड तागा उचलताना अजून दुखतो. त्याने हात चोळला की आम्हाला आमची ती सही आठवते. अल्लाह आपणा सर्वांना सावधगिरीची तौफीक देवो. आमीन.