गृहिणीचें हितगुज : गालिच्यावर सांडलेलें सरबत

वैशाखांतील दुपार आहे. बैठकीच्या खोलींत पाहुणे बसले आहेत. आणि एखाद्या मुलाच्या हातून कोकमाच्या सरबताचा पेला नेमका लोंकरीच्या गालिच्यावर कलंडतो. अशा वेळीं घरांत दोन आवाज एकदम उठतात. एक म्हणतो, "ओल्या फडक्यानें घासा !" दुसरा म्हणतो, "साबण आणा !" पुष्कळदां डाग पक्का होतो तो या दोन उपायांनींच.

याचें कारण समजून घेणें अवघड नाहीं. कोकम, जांभूळ, काळीं द्राक्षें, किंवा पाश्चात्यांच्या मेजावरील तांबडी वाइन, या सर्वांचा रंग एकाच जातीचा. रसायनशास्त्रांत त्यास अँथोसायनिन म्हणतात. हा रंग पाण्यांत विरघळतो. म्हणून डाग ओला आहे तोंवर तो निघण्यासारखा असतो. पण आम्लांत तांबडा दिसणारा हाच रंग क्षार लागतांच निळसर किंवा मळकट होतो. कपडे धुण्याच्या सोड्यानें नेमकें हेंच होतें. शिवाय लोंकरीसहि क्षार व कढत पाणी सोसत नाहीं. घासल्यानें रस मुळापर्यंत उतरतो आणि लव गुंतते, तें वेगळेंच.

तेव्हां आधीं टिपावें. जुन्या धोतराचा स्वच्छ पांढरा तुकडा घडी करून डागावर दाबावा, उचलावा, कोरडी बाजू फिरवून पुन्हां दाबावा. कडेकडून मध्याकडे यावें, म्हणजे डाग पसरत नाहीं. फडक्यास रंग लागेनासा झाला कीं थोडें थंड पाणी शिंपडून तसेंच टिपावें. तरीहि लाली उरल्यास एक भाग पांढरें व्हिनेगर व दोन भाग पाणी एकत्र करून त्यांत फडकें बुडवून, पिळून, डागावर दाबावें. शेवटीं लोंकरीकरितां मिळणारा सौम्य पातळ साबण, तांब्याभर थंड पाण्यांत चहाचा एक चमचा, याच रीतीनें वापरावा व साध्या पाण्यानें टिपून काढावा. गालिचा खालून हवा लागेल असा उचलून सावलींत वाळवावा.

कोणतेंहि द्रव्य लावण्यापूर्वीं तें न दिसणाऱ्या कोपऱ्यावर पांढऱ्या फडक्यानें दाबून पाहावें. गालिच्याचाच रंग फडक्यावर उतरला तर तेथेंच थांबावें. कपडे शुभ्र करण्याचें क्लोरीनयुक्त द्रव्य लोंकरीस कधींहि लावूं नये. त्यानें लोंकरच विरते.

हळदीचा डाग मात्र निराळ्या स्वभावाचा. ती पाण्यांत विरघळत नाहीं, आणि साबण लागतांच तांबडी होते. पांढऱ्या सुती जाजमावर ती लाली पाहून घाबरूं नये. धुऊन उन्हांत घातल्यास हळद फिकी पडत जाते.

आतां आमच्याच घरांतील एक गोष्ट. धाकट्या जाऊबाई नव्यानेंच घरांत आल्या होत्या. त्यांच्या हातून मामंजींच्या आवडत्या गालिच्यावर आगळ सांडलें. भीतीनें त्यांनीं त्यावर लोड सरकवला व कोणास कांहीं बोलल्या नाहींत. आठ दिवसांनीं हळदीकुंकवासाठीं बैठक आवरतांना तो डाग उघडा पडला. पुष्कळ खटपट केली. फिकट झाला, पण गेला नाहीं. सासूबाई रागावल्या नाहींत. "तेव्हांच हांक मारली असतीस, तर दोघींनीं मिळून टिपला असता," एवढेंच म्हणाल्या. जाऊबाईंच्या डोळ्यांस पाणी आलें.

पुढें माझ्या मनांत आलें कीं, हांक मारण्याचा धीर त्यांस कां झाला नाहीं, हें आम्हींच स्वतःस विचारावयास हवें होतें. त्याच आठवड्यांत फुटलेल्या एका बरणीवरून घरांत केवढा गहजब झाला होता ! ज्या घरांत "सांडलें" असें मुलांसुनांस निर्भयपणें म्हणतां येतें, त्या घरचे डाग वेळेवर टिपले जातात.