टायर कुणी खाल्ला?

मंडळी, आज विषय जरा वेगळा आहे. पिकअपचा टायर! हसू नका, शेवटपर्यंत वाचा. टायरच्या आडून एका माणसाच्या पगाराचा प्रश्न आहे, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या जुन्नर भागात टोमॅटो, कांदा वाहणाऱ्या पिकअप प्रत्येक आळीत दिसतात. मालक बहुधा शेतकरीच, ड्रायव्हर पगारी. नवा घातलेला टायर लवकरच एका कडेनं झिजून तार दिसायला लागली, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "पोरगं गाडी नीट चालवत नाही." मग पगारातून पैसे कापायची भाषा सुरू होते. आमच्या नात्यातही हे झालंय. कोणाबद्दल लिहितोय ते वाचणाऱ्यांपैकी दोघा-तिघांना कळेलच, त्यांनी राग मानू नये.

माझं मत सरळ आहे. टायर कसा झिजलाय ते न पाहता ड्रायव्हरवर आळ घेणं म्हणजे उत्तरपत्रिका न उघडताच पोराला नापास करणं. टायरवरची झीज वाचता येते. त्यासाठी इंजिनिअर व्हावं लागत नाही. आणि ती नीट वाचली, तर बहुतेक वेळा बोट मालकाकडे वळतं.

कसं वाचायचं ते सांगतो. जुन्या मास्तराची खोड, फळ्यावर मांडल्याशिवाय चैन पडत नाही!

टायर दोन्ही कडांना झिजलाय आणि मधली नक्षी शाबूत आहे, तर हवा कमी किंवा वजन जास्त. उलट, मधोमध झिजलाय आणि कडा चांगल्या आहेत, तर हवा जास्त. पिकअपच्या मागच्या टायरात भरल्या गाडीची हवा भरतात आणि येताना गाडी रिकामी धावते. असे रिकामे फेरे फार झाले तरी मधला पट्टा झिजतो.

आता वजनाचा हिशोब करू. टोमॅटोचं क्रेट साधारण २० किलोचं. १०० क्रेट म्हणजे २००० किलो, म्हणजे २ टन. कागदावर दीड टन घेणाऱ्या गाडीत हा माल चढतो, तेव्हा "अजून दहा बसतील, टाक!" असं कोण म्हणतं? ड्रायव्हर नक्कीच नाही.

एकाच कडेची झीज जास्त फसवी. चाकाची आतली कड गाडीखाली असते, समोरून दिसत नाही. वरून टायर छान दिसतो आणि आत गोटा झालेला असतो. म्हणून गाडी उभी करून स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि चाकाच्या आत डोकावा. मग नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. मात्र हात हलका ठेवा, तार बाहेर आली असेल तर कापतं. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं लागलं, तर चाकं सरळ नाहीत, पुढून आत वळलेली किंवा बाहेर फाकलेली आहेत. गॅरेजवाले याला 'टो' म्हणतात. चाकं आत वळलेली असली की बाहेरची कड जाते, बाहेर फाकली की आतली. करवत लागत नाही, पण एकच कड सपाट झिजलीय, तर चाक उभ्यानं कललंय का ते पाहायचं. त्याला 'कॅम्बर' म्हणतात.

"एवढ्याशा तिरकेपणानं काय होतंय?" असं विचारणाऱ्यांसाठी एक त्रैराशिक. चाकाचा व्यास साधारण ७०० मिलीमीटर धरा. त्याची पुढची कड मागच्यापेक्षा फक्त २ मिलीमीटर बाहेर आहे. प्रमाण झालं ३५० ला १. म्हणजे १ किलोमीटर पळताना ते चाक जवळपास ३ मीटर आडवं घासत जातं. १०० किलोमीटरला सुमारे २८५ मीटर! डांबरावर आडवा ओढलेला टायर कसा टिकणार? ड्रायव्हरनं कितीही जपून चालवली तरी हे घासणं चालूच राहतं.

आमच्या नात्यातल्या गाडीचं नेमकं हेच होतं. पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेनं गेलेले, हाताला करवत लागत होती. मिस्त्रींनी पुढचं चाक जॅकवर उचललं आणि दोन्ही बाजूंना हात धरून हलवलं. टाय रॉडच्या टोकाला चांगलाच प्ले होता. हा सांधा ढिला झाला की गाडी धावताना चाकं पुढून बाहेर फाकतात. सांधा झिजला होता आणि पगार मात्र पोराचा कापला जाणार होता!

टायरवर ठरावीक अंतरानं खळगे पडलेले असले तर शॉकअप गेलाय, बेअरिंग ढिलं आहे किंवा चाकाचं बॅलन्सिंग बिघडलंय. मागच्या चाकांची झीज विषम असली तर हवेच्या आणि वजनाच्या जोडीला पाटे, त्यांचे बोल्ट आणि अ‍ॅक्सल तपासायला हवेत. ही सगळी देखभाल मालकाच्या खिशातली.

मग ड्रायव्हरचं काहीच चुकत नाही का? चुकतं की. टायरवर एकाच जागी चपटा घासलेला डाग असेल तर तो करकचून ब्रेक मारून चाक जाम झाल्याचा असू शकतो. वळणावर गाडी दामटली की कडा खरवडतात. टायरच्या गालावर दगडाचे, डांबराच्या तुटक्या कडेचे घाव दिसले तर जरूर विचारावं. पण मुद्दा तोच, आधी खूण पाहावी, मग माणसाला बोलावं.

यावर एक मालक मला म्हणाले, "गुरुजी, गाडी खड्ड्यात कोण आपटतो? तिथंच अलाइनमेंट जाते ना?" बरोबर आहे, जाते. पण पहाटेच्या बाजाराला वाशीत पोचलंच पाहिजे म्हणून फोनवर फोन करणारेही आपणच असतो. शिवाय खड्डा एकदा बसतो, टायर त्यानंतर हजारो किलोमीटर झिजत राहतो. तेवढ्या काळात एकदाही न पाहणं, हा दोष खड्ड्याचा नाही आणि ड्रायव्हरचाही नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच. टायर उतरवायच्या आधी त्यावर खडूनं लिहा, पुढचा डावा, मागचा उजवा. टायर अदलाबदल केले किंवा भंगारात दिले की पुरावाच गेला. मग सकाळी, गाडी हलायच्या आधी, टायर थंड असताना हवा मोजा आणि ती गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहा. नंतर चाक उचलून प्ले तपासा. अलाइनमेंट सर्वांत शेवटी, कारण ढिल्या सांध्यावर केलेलं अलाइनमेंट म्हणजे भिजलेल्या पाटीवर काढलेली अक्षरं. या तपासणीला काही शे रुपये लागतील, टायरला हजारो लागतात.

आणि हा फक्त पैशाचा प्रश्न नाही. टायरच्या नक्षीत खोलवर छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलीमीटरची खूण दाखवतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरची रजा झाली. पण आतली कड तिथं पोचलेली असताना बाहेरची चांगली दिसते, आणि तशाच टायरवर भर पावसात, भरल्या गाडीनं, ते पोरगं माळशेज उतरत असतं. ज्याच्या पगारातून आपण टायरचे पैसे कापायला निघालो, त्याचा जीव त्या टायरवर आहे, हे विसरू नये.

असो. फार लांबलं. ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी उद्या सकाळी स्टिअरिंग वळवून आतल्या कडा पाहाव्यात, आणि काय दिसलं ते मला जरूर कळवावं. ड्रायव्हरलाही सोबत घ्या. गाडी डावीकडे ओढते, हँडल थरथरतं, हे त्यानं केव्हाच सांगितलेलं असेल.